दुर्दम्य वायूचा शोधक : आंरी म्वासाँ

पॅरिस शहराच्या पूर्वेस, मार्न नदीच्या काठी, मो नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १८६४ मध्ये म्वासाँ आडनावाचे एक कुटुंब पॅरिस सोडून त्या गावी राहावयास आले. घरचा कर्ता पुरुष रेल्वे कंपनीत साध्याशा नोकरीवर होता आणि गृहिणी शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. त्यांचा मुलगा आंरी त्या वेळी बारा वर्षांचा होता. त्याचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला होता.

आंरीला रसायनशास्त्राचे पहिले धडे मिळाले ते घरीच, वडिलांकडून. मो येथील शाळेत गणित व विज्ञान शिकविणारे एक गुरुजी होते. मुलाची हुशारी पाहून ते त्याला फी न घेता जादा शिकवू लागले. परंतु ज्या शाखेत आंरीचे नाव घातले होते तीत लॅटिन व ग्रीक ह्या भाषा शिकवीत नसत, आणि त्या भाषा आल्यावाचून विद्यापीठाचे दार उघडत नसे. त्यामुळे इ. स. १८७० मध्ये त्याने शाळा सोडली तेव्हा त्याच्या हाती प्रवेशपरीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. काही दिवस तो एका घड्याळजीकडे उमेदवारी करू लागला. इतक्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, म्वासाँ कुटुंब पॅरिसला परतले व घड्याळाची चाके मागे राहिली.

पॅरिसमध्ये आंरीला एका औषधालयात काम मिळाले. बाटल्या धुणे, पुड्या बांधणे, काढे गाळणे असल्या कामांत त्याचे दिवस जाऊ लागले. एके दिवशी सोमल खाल्लेला एक मनुष्य मरणोन्मुख अवस्थेत तेथे आला. तरुण आंरीने गोंधळून न जाता त्याला तत्काळ योग्य तो उतारा दिला आणि त्याचे प्राण वाचविले. याच सुमारास मो येथील त्याचा एक जुना मित्र पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकत होता. त्याने आंरीचा पिच्छाच पुरविला. अखेर इ. स. १८७२ मध्ये आंरी त्या संग्रहालयात प्राध्यापक फ्रेमी यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि पुढे देएराँ नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करू लागला. दिवसा प्रयोग आणि रात्री लॅटिनचा अभ्यास, असा क्रम सुरू झाला. प्रवेशपरीक्षेत एकदा अपयश आले, तरी इ. स. १८७४ मध्ये तो ती उत्तीर्ण झाला. याच काळात त्याने एक नाटकही लिहिले होते. ते रंगभूमीवर आले असते, तर कदाचित रसायनशास्त्राला एका थोर संशोधकाला मुकावे लागले असते. इ. स. १८७९ मध्ये औषधशास्त्राची पदवी व पुढील वर्षी डॉक्टरची पदवी मिळवून आंरी म्वासाँ हे नाव विद्वानांच्या परिचयाचे होऊ लागले.

यानंतर त्यांनी जो विषय हाती घेतला, त्याचे नाव काढताच त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ मान हलवीत. तो विषय म्हणजे फ्लोरिन.

खाणीत सापडणारा फ्लोरस्पार नावाचा एक खनिज दगड आहे. तो कधी जांभळा, कधी हिरवा, तर कधी पाण्यासारखा स्वच्छ असतो. भट्टीत धातूचे खनिज लवकर वितळावे म्हणून युरोपातील खाणकामगार शेकडो वर्षे त्याचा उपयोग करीत आले होते. ह्या दगडावर गंधकाम्ल ओतून तापविले, तर त्यातून एक दाहक वाफ निघते. ती वाफ काचेलाही खाते. शेले ह्या स्वीडनमधील संशोधकाने इ. स. १७७१ मध्ये ह्या अम्लाचा अभ्यास केला. आज त्यास हायड्रोफ्लोरिक अम्ल असे म्हणतात. पुढे अँपियर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे अनुमान काढले की, ह्या अम्लात हायड्रोजनशी जखडलेले एक अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे. मूलद्रव्याला नाव मिळाले, पण ते डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते.

ते मोकळे करण्याचा प्रयत्न ज्यांनी ज्यांनी केला, त्यांना त्याची जबर किंमत द्यावी लागली. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ डेव्ही आजारी पडले. आयर्लंडमधील नॉक्स बंधूंच्या शरीरात ते विष इतके भिनले की, त्यांपैकी एकाला प्रकृती सुधारण्यासाठी तीन वर्षे इटलीत जाऊन राहावे लागले. ब्रुसेल्सचे लुये आणि नान्सीचे निक्लेस यांनी तर प्राणच गमावले. म्वासाँ यांचे गुरू फ्रेमी यांनीही ह्या कामात वर्षे घालविली व अखेर हात टेकले.

अशी कोणती अडचण होती ती? ती नीट समजून घेण्याजोगी आहे. अम्लातून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे त्याचे घटक वेगळे होतात आणि ते प्रवाहाच्या दोन टोकांशी जमा होतात. परंतु अम्लात पाण्याचा अंश असला, तर वीज पाण्याचेच पृथक्करण करते आणि फ्लोरिनऐवजी ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणून फ्रेमी यांनी परिश्रमपूर्वक पाणी काढून टाकून शुष्क अम्ल तयार केले. त्यातून मात्र वीज जाईचना! पाणी असले तर फ्लोरिन मिळत नाही, आणि पाणी नसले तर प्रवाहच चालत नाही. बरे, क्षणभर तो वायू सुटलाच, तर तो ठेवावयाचा कशात? काच, लाकूड, लोखंड, सारे काही तो ग्रासून टाकी. ज्या पात्रात त्याला मुक्त करावे, त्याच पात्राशी तो संयोग पावे.

इ. स. १८८४ मध्ये म्वासाँ यांनी ह्या कामास आरंभ केला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा विवाह लेओनी ल्युगाँ हिच्याशी झाला होता. त्यांचे सासरे मो येथे औषधविक्रेते होते. जावयाने पैशासाठी इतर नोकऱ्यांत वेळ न घालविता संशोधनच करावे, म्हणून त्यांनी खर्चाचा भार उचलला. नावाजलेल्या शोधांच्या इतिहासात अशा मदतीची नोंद क्वचितच होते. पण ती मदत नसती तर पुढील गोष्ट घडली नसती.

प्रथम म्वासाँ यांनी फॉस्फरस आणि फ्लोरिन यांचे वायुरूप संयुग तयार करून त्यात विजेच्या ठिणग्या पाडून पाहिल्या. सुटलेला फ्लोरिन लगेच पुन्हा फॉस्फरसशीच जडला. तापलेल्या प्लॅटिनमवरून तो वायू नेला, तर प्लॅटिनमच फ्लोरिन घेऊन बसले. मग त्यांनी सोमलापासून बनणारे फ्लोरिनचे संयुग घेतले. ते द्रवरूप असून अत्यंत विषारी होते. त्यातून प्रवाह सोडताच एका टोकावर सोमलधातूचा थर जमे आणि प्रवाह बंद पडे. त्या वाफांनी म्वासाँ यांची प्रकृती ढासळली. विषबाधेमुळे त्यांना एकूण चार वेळा काम थांबवावे लागले. दर वेळी थोडे बरे वाटताच ते पुन्हा प्रयोगशाळेत हजर होत.

शेवटी ते गुरूंनी सोडून दिलेल्या वाटेकडे, म्हणजे शुष्क हायड्रोफ्लोरिक अम्लाकडे वळले. मात्र ह्या वेळी त्यांनी एक नवी योजना केली. उष्णतेने फ्लोरिनचा तामसी स्वभाव अधिकच भडकतो, तेव्हा सारे काम अतिशय थंड ठेवून करावे, असे त्यांनी ठरविले. शुष्क अम्ल सुमारे २० अंश सेल्सिअसलाच उकळू लागते, त्यामुळेही थंडावा आवश्यकच होता. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची प्लॅटिनमची नळी त्यांनी करवून घेतली. ती मिथिल क्लोराइड ह्या द्रवात बुडवून, त्या द्रवाचे बाष्पीभवन करवून, शून्याखाली ५० अंशांपर्यंत थंड करता येत असे. नळीच्या तोंडांना बुचे कशाची बसवावी? साधे बूच क्षणार्धात जळून जाई. म्वासाँ यांनी बुचे केली फ्लोरस्पारची! त्या दगडात फ्लोरिन आधीच पुरेपूर भरलेले असल्यामुळे फ्लोरिनला त्याच्याशी भांडण्याचे कारणच उरत नाही. घड्याळजीकडील उमेदवारीत बारीक कामाची सवय लागलेले हात येथे उपयोगी पडले असतील काय?

दिनांक २६ जून १८८६ रोजी म्वासाँ यांनी घटमालेचा प्रवाह सुरू केला. एका टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागले. दुसऱ्या टोकाकडून एक वायू बाहेर पडू लागला. म्वासाँ यांनी त्या वायूसमोर सिलिकॉनचा स्फटिक धरला. स्फटिक तत्क्षणी पेटला व लखलखीत ज्योतीने जळू लागला. पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात असलेले मूलद्रव्य मोकळे झाले होते.

दोन दिवसांनी ही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवण्यात आली. शोधाची शहानिशा करण्यासाठी अकादमीने बेर्तलो, दब्रे आणि फ्रेमी अशा तीन मान्यवरांची समिती नेमली. परीक्षकांत स्वतः आपले गुरू, आणि तेही ह्याच कामात अपयश आलेले! म्वासाँ यांनी तयारीत कसलीच कसूर ठेवली नाही. नळी नव्याने स्वच्छ केली. अम्ल तर पूर्वी कधी केले नव्हते इतक्या काळजीने शुद्ध केले. परीक्षक आले, आसनस्थ झाले, प्रवाह सुरू करण्यात आला, आणि काहीच घडले नाही. म्वासाँ यांनी जोडण्या तपासल्या, घटमाला तपासली. तरीही सिलिकॉनचा स्फटिक थंडच राहिला. समितीचे सभासद अखेर उठून निघून गेले.

त्या वेळी म्वासाँ यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दोन वर्षांचे श्रम, ढासळलेली प्रकृती, सासऱ्यांनी टाकलेला विश्वास, हे सारे त्या एका नळीवर अवलंबून होते. परंतु नशिबाला दोष देत ते बसले नाहीत. पहिल्या वेळी जे घडले ते आज का घडू नये, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. दोन प्रयोगांत फरक कोणता? नळी तीच, घट तेच, थंडी तीच. फरक एकच होता. ह्या वेळचे अम्ल अधिक शुद्ध होते. मग त्यांच्या ध्यानात आले की, हायड्रोफ्लोरिक अम्ल पोटॅशियमच्या एका क्षारापासून तयार करीत असता त्या क्षाराचा थोडासा अंश पूर्वीच्या अम्लात नकळत येऊन मिसळला असला पाहिजे. पाणी वीज वाहून नेते, पण फ्लोरिन येऊ देत नाही. तो क्षार मात्र वीज वाहून नेतो आणि फ्लोरिनच्या वाटेत येत नाही. ज्या अशुद्धीला त्यांनी एवढ्या कष्टांनी हाकलून लावले, तीच त्यांची खरी साहाय्यक होती!

आता त्यांनी तो क्षार जाणूनबुजून अम्लात विरघळविला. समिती पुन्हा बोलाविण्यात आली. ह्या वेळी प्रवाह सुरू होताच वायू सुटू लागला व सिलिकॉन भडभडून पेटला. फ्रेमी यांना आपल्या शिष्याच्या यशाचा मनापासून आनंद झाला. पुढील वर्षी अकादमीने म्वासाँ यांना ला काझ पारितोषिक दिले, आणि पॅरिसच्या औषधशास्त्र विद्यालयात ते प्राध्यापक झाले.

फ्लोरिन हाती आले खरे, परंतु त्याचा उपयोग कसा करावयाचा हा प्रश्न होताच. लाकूड, साखर, मद्यार्क यांसारखे सजीवांपासून मिळणारे पदार्थ कार्बनच्या अणूंभोवती रचलेले असतात. त्यांना सेंद्रिय पदार्थ म्हणतात. त्यांच्या रेणूत एखाद्या ठरावीक जागी फ्लोरिनचा अणू बसविता आला, तर सर्वस्वी नवे गुण असलेले पदार्थ मिळतील, अशी आशा होती. परंतु मोकळा फ्लोरिन मद्यार्काला भेटताच मद्यार्क पेट घेई. रेणूची सारी घडणच उद्ध्वस्त होऊन जाई. एका खोलीत दिवा ठेवावयाचा म्हणून घरच पेटवून द्यावे, तसा तो प्रकार होता.

तेव्हा म्वासाँ यांनी मध्यस्थाचा मार्ग स्वीकारला. त्यांनी फ्लोरिन आणि चांदी यांचा क्षार घेतला व ज्या सेंद्रिय पदार्थात आयोडिनचा अणू आधीच बसलेला आहे अशा पदार्थाशी त्याची गाठ घालून दिली. चांदीला आयोडिनची ओढ अधिक. ती आयोडिनला आपल्याकडे खेचून घेते, आणि आयोडिनच्या रिकाम्या जागी फ्लोरिन निमूटपणे जाऊन बसतो. घर शाबूत राहते व दिवाही लागतो. अशा कामी योजलेल्या मध्यस्थ द्रव्याला रसायनशास्त्रात अभिकर्मक असे नाव आहे. ह्या युक्तीने म्वासाँ यांनी फ्लोरिनयुक्त अशी काही साधी सेंद्रिय संयुगे तयार केली व त्यांचे गुणधर्म नोंदविले.

पुढे हा धागा बेल्जियममधील गेंट शहरी फ्रेदेरिक स्वार्ट्‌स यांनी उचलला. इ. स. १८९२ मध्ये त्यांनी चांदीच्या जागी अँटिमनी ह्या धातूचे फ्लोरिनयुक्त संयुग वापरले. चांदीच्या मानाने ते स्वस्त होते, आणि क्लोरिनचे अणू काढून त्यांच्या जागी फ्लोरिन बसविण्यात तर ते अधिक कुशल ठरले. इ. स. १८९८ मध्ये स्वार्ट्‌स यांनी कार्बनचा एक अणू व फ्लोरिनचे तीन अणू असा पुंजका बेंझिनच्या वलयाला जोडलेला पदार्थ तयार केला. आज अनेक औषधांच्या रेणूंत हाच पुंजका आढळतो. स्वार्ट्‌स यांचीच रीत वापरून इ. स. १९२८ नंतर अमेरिकेत शीतकपाटांसाठी एक निरुपद्रवी वाटणारा वायू बनविण्यात आला. तो माणसाला विषारी नव्हता. पण आकाशात उंच चढून पृथ्वीभोवतीचे ओझोनचे आवरण विरळ करीत होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. अखेर इ. स. १९८७ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांना करार करून अशा वायूंचे उत्पादन कमी करीत जाण्याचे ठरवावे लागले.

म्वासाँ मात्र एकाच विषयावर थांबले नाहीत. इ. स. १८९२ मध्ये त्यांनी विजेच्या ज्वालेवर चालणारी एक भट्टी तयार केली. चुनखडीच्या दोन ठोकळ्यांची ती साधीशी रचना होती, पण तिच्यात ३,००० अंशांहून अधिक उष्णता निर्माण होई. त्यापूर्वी न वितळणारे म्हणून प्रसिद्ध असलेले कित्येक पदार्थ तिच्यात पाण्यासारखे वाहू लागले. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून ते एकदम थंड केले तर हिरे तयार होतात, असा त्यांचा समज झाला. तसे बारीक कण मिळाल्याचे त्यांनी इ. स. १८९३ मध्ये जाहीरही केले. आजचे शास्त्रज्ञ तो दावा मान्य करीत नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पडलेल्या एका अशनीच्या तुकड्यांत त्यांना काही चकचकीत स्फटिक आढळले. तेही प्रथम हिरेच वाटले. पुढे ते सिलिकॉन व कार्बन यांचे संयुग असल्याचे त्यांनीच दाखवून दिले. त्या खनिजाला आज म्वासाँ यांच्या नावावरून मॉयसनाइट म्हणतात.

फ्लोरिनला ते विसरले होते असे नव्हे. इ. स. १८९७ मध्ये ड्यूअर ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी हा वायू थंड करून द्रवरूपात आणला. महागड्या प्लॅटिनमच्या नळीऐवजी तांब्याची नळीही चालते, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले. तांब्यावर प्रथम फ्लोरिनयुक्त क्षाराचा एक पातळ थर चढतो, आणि तो थरच आतील धातूचे रक्षण करतो.

इ. स. १९०० मध्ये ते सॉर्बोन येथे प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांना दालन भरून जाई, कारण ते बोलत असत त्याहून अधिक करून दाखवीत असत. इ. स. १९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि हा मान मिळविणारे ते पहिले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ठरले. मूलद्रव्यांचे कोष्टक रचणारे रशियाचे थोर शास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांच्याही नावाचा विचार त्या वर्षी झाला होता. योगायोग असा की, पुढील फेब्रुवारी महिन्यात दोघेही जग सोडून गेले. म्वासाँ स्टॉकहोमहून परतले व थोड्याच आठवड्यांत आंत्रपुच्छाच्या दाहाने आजारी पडले. दिनांक २० फेब्रुवारी १९०७ रोजी पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे चोपन्न वर्षांचे होते.

फ्लोरिन मुक्त झाला त्याच्या आदल्या वर्षी जन्मलेला लुई हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही रसायनशास्त्राकडेच वळला होता. इ. स. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, तो रणांगणावर पडला. आपली मालमत्ता वडिलांच्या औषधशास्त्र विद्यालयाला देऊन तिच्यातून दोन पारितोषिके ठेवावी, अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. त्यांपैकी रसायनशास्त्राचे पारितोषिक वडिलांच्या नावाने आणि औषधशास्त्राचे आईच्या माहेरच्या, ल्युगाँ ह्या नावाने.